सर्वश्रेष्ठांच्या याद्या: वाद नेमका कशावर घालावा?

नाशिकमधील एका श्रोतामंडळाच्या तरुण सभासदांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी नियतकालिकाने २०२३ च्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या दोनशे सर्वश्रेष्ठ गायकांच्या यादीत लता मंगेशकर चौऱ्याऐंशीव्या क्रमांकावर आहेत. त्याच नियतकालिकाच्या पाचशे अल्बमांच्या यादीत २००३ साली पहिला असलेला बीटल्सचा 'सार्जंट पेपर' २०२० मध्ये चोविसाव्या क्रमांकावर गेला. गाणी तीच, तबकड्याही त्याच. मग क्रमांक कसे बदलतात? अशा याद्यांना काही अर्थ असतो का, आणि नसेल तर त्यांवर मंडळाच्या दोन-दोन बैठका खर्ची घालाव्यात का?

मी बरीच वर्षे संगीतविषयक लेखन करतो. अशा कौलांसाठी मी स्वतःच्या याद्या पाठवल्या आहेत आणि इतरांच्या मतपत्रिका मोजायलाही बसलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की या याद्यांना अर्थ असतो आणि त्यांवर वादही अवश्य घालावा. मात्र बहुतेक वाद क्रमांकावर होतात आणि म्हणूनच ते निष्फळ ठरतात. क्रमांक ही शेवटची पायरी असते. त्याआधी कोणाला विचारले, नेमके काय विचारले आणि आलेली मते कशी मोजली, हे तीन निर्णय घेतले गेलेले असतात, आणि यादीचे बरेचसे भवितव्य त्या तीन निर्णयांतच ठरून जाते.

मतदारांपासून सुरुवात करू. २००३ च्या यादीसाठी २७३ वादक, गायक, समीक्षक आणि ध्वनिमुद्रण व्यवसायातील मंडळींनी आपापली पसंती क्रमवार कळवली होती. पहिल्या दहांत चार अल्बम एकट्या बीटल्सचे होते, दोन बॉब डिलनचे होते आणि त्या दहांत एकाही स्त्रीचा अल्बम नव्हता. १९६५ ते १९७२ या काळात ज्यांचे तारुण्य गेले, त्यांचे कान त्या यादीत स्पष्ट ऐकू येतात. २०२० साली नियतकालिकाने जुनी यादी डागडुजी करून वापरली नाही, तर तीनशेहून अधिक मतदारांकडून नव्याने मते मागवली. त्यांत बियॉन्से, टेलर स्विफ्ट आणि बिली आयलिश यांच्यासारख्या नंतरच्या पिढ्यांतील गायिका होत्या. परिणाम असा झाला, की मार्व्हिन गे यांचा १९७१ चा 'व्हॉट्स गोइंग ऑन' सहाव्या स्थानावरून पहिल्या स्थानावर आला आणि जोनी मिचेल यांचा 'ब्लू' तिसाव्यावरून तिसऱ्यावर पोहोचला. मधल्या सतरा वर्षांत या दोन्ही तबकड्यांतील एक सूरही बदललेला नव्हता. बदलले होते ते मत देणारे.

ब्रिटनमधील 'एनएमई' या संगीतविषयक पत्राचे उदाहरण याहून बोलके आहे. याच पत्राने १९७४ मध्ये 'सार्जंट पेपर'ला, १९८५ मध्ये 'व्हॉट्स गोइंग ऑन'ला, १९९३ मध्ये बीच बॉइजच्या 'पेट साउंड्स'ला, २००३ मध्ये 'द स्टोन रोझेस'ला आणि २०१३ मध्ये द स्मिथ्सच्या 'द क्वीन इज डेड'ला सर्वश्रेष्ठ ठरवले. पाच वेळा विचारले आणि पाच निराळी उत्तरे मिळाली. एखाद्याला यावरून असे वाटेल, की हा सगळा खेळ निरर्थक आहे. माझे मत तसे नाही. या पाच याद्या एकापुढे एक ठेवून वाचल्या, तर ब्रिटनमधील संगीतलेखकांची एक पिढी जाऊन दुसरी कशी आली, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या सोल संगीताकडे पाहण्याची दृष्टी केव्हा बदलली आणि नव्वदच्या दशकातील तरुणांना स्वतःच्या बेटावरच्या बँडविषयी किती अभिमान वाटू लागला, हे सारे कळते. यादीतून संगीताचे अंतिम मूल्य कळत नाही, पण त्या काळच्या ऐकणाऱ्यांचा इतिहास मात्र कळतो, आणि तो इतिहास मला मोलाचा वाटतो.

समकालीनांचे मत तरी कितपत टिकते, हेही पाहण्यासारखे आहे. १९६७ मध्ये 'सार्जंट पेपर' आला तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये रिचर्ड गोल्डस्टीन यांनी त्यावर प्रतिकूल लिहिले होते, आणि लेड झेपलिनच्या पहिल्या अल्बमची १९६९ मध्ये खुद्द 'रोलिंग स्टोन'नेच कठोर शब्दांत बोळवण केली होती. २००३ च्या यादीत त्याच नियतकालिकाने तो अल्बम एकोणतिसावा मानला. मी याला चूक आणि दुरुस्ती असे म्हणणार नाही. परीक्षण लिहिणाऱ्यासमोर नुकतीच आलेली तबकडी असते. यादी करणाऱ्यासमोर तिच्यानंतर झालेले सगळे संगीत असते. दोघांसमोरचा प्रश्नच वेगळा असतो.

आता मोजणीकडे वळतो, कारण हा भाग कोणी पाहत नाही आणि खरी उलथापालथ इथेच होते. समजा, तुमच्या मंडळातील दहा जणांनी प्रत्येकी पाच तबकड्या क्रमाने लिहिल्या आणि पहिलीला पाच, दुसरीला चार, याप्रमाणे शेवटचीला एक गुण दिला. एक तबकडी चौघांनी पहिली लिहिली आणि उरलेल्या सहांनी तिचे नावच घेतले नाही. तिला वीस गुण मिळाले. दुसरी तबकडी आठ जणांनी तिसऱ्या क्रमांकावर लिहिली. तिला चोवीस गुण मिळाले आणि ती जिंकली. म्हणजे दहांपैकी एकालाही जी सर्वोत्तम वाटत नाही, ती पुढे गेली. आता हीच मते न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकाच्या पद्धतीने मोजू. समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाउ यांनी सत्तरच्या दशकात रुळवलेल्या त्यांच्या वार्षिक कौलात प्रत्येक समीक्षकाला शंभर गुण मिळत आणि ते त्याने दहा अल्बमांत वाटायचे असत; एका अल्बमाला जास्तीत जास्त तीस आणि कमीत कमी पाच. आपल्या उदाहरणातील चौघांनी पहिलीला प्रत्येकी तीस गुण दिले तर तिचे एकशेवीस होतात; आठ जणांनी दुसरीला प्रत्येकी दहा दिले तर तिचे ऐंशी होतात. निकाल उलटा लागतो. पहिली पद्धत सर्वांना मान्य होईल असे शोधते, तर दुसरी काहींनी ज्याच्यावर जीव टाकला आहे ते शोधते. यांपैकी कोणतीही पद्धत खोटी नाही, पण आपण कोणती वापरतो आहोत हे सांगितल्यावाचून निकाल जाहीर करणे मला अप्रामाणिक वाटते. 'रोलिंग स्टोन'ने २००३ मध्ये गुणपद्धत ठरवण्याचे काम 'अर्न्स्ट अँड यंग' या हिशेबतपासनीस संस्थेकडे दिले होते, यावरून मोजणीचे गांभीर्य त्यांना समजले होते हे दिसते.

मोजणीतील दुसरा दोष मतविभागणीचा. ज्या कलावंताची एकच कृती डोंगराएवढी असते, त्याची सगळी मते एकत्र पडतात. ज्याच्या पंधरा कृती सारख्याच उंचीच्या असतात, त्याची मते पंधरा ठिकाणी विखुरतात. 'आउटलुक' साप्ताहिकाने एकदा सुमारे तीस संगीतकार, गीतकार आणि गायकांना हिंदी चित्रपटगीतांतील सर्वोत्तम गाणी विचारली होती. त्यांत 'चित्रलेखा' या १९६४ च्या चित्रपटातील 'मन रे तू काहे ना धीर धरे' पहिले आले. साहिर, रोशन आणि रफी यांचे ते गाणे त्या मानाला पात्र आहेच. परंतु लतादीदींवर प्रेम करणाऱ्या दहा जाणकारांना एकेक गाणे निवडायला सांगा; दहा वेगळी गाणी पुढे येण्याचीच शक्यता अधिक. त्यामुळे गाण्यांच्या यादीवरून गायकाची थोरवी मोजू नये, आणि गायकांच्या यादीवरून गाण्याचीही मोजू नये.

हल्ली काही संकेतस्थळे शेकडो नियतकालिकांच्या याद्या एकत्र करून एकच महायादी सिद्ध करतात आणि त्यामुळे पक्षपात नाहीसा झाला असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. शंभर याद्या करणारे सगळे इंग्रजीत लिहिणारे, एकमेकांचे लेखन वाचणारे आणि सारखीच तबकडी विकत घेणारे असतील, तर त्यांची बेरीज केल्याने त्यांचा समान कल अधिकच घट्ट होतो.

खप आणि श्रेष्ठत्व यांची गल्लतही याच ठिकाणी होते. १९५२ च्या नोव्हेंबरात 'एनएमई'ने सुमारे वीस दुकानांना दूरध्वनी करून ब्रिटनमधील पहिली विक्रीची क्रमवारी छापली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनवर अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. तिच्या पायदानांना, म्हणजे क्रमांकांना, दुकानांतील विक्रीचा आणि पुढे श्रोतासंघांच्या पसंतीचा आधार असे. आमच्या आधीच्या पिढीतील पुष्कळ रसिक आजही एखादे गाणे गीतमालेत वरच्या पायदानावर होते, एवढ्या पुराव्यावर ते थोर ठरवतात. त्या क्रमवारीने त्या-त्या आठवड्याची लोकप्रियता प्रामाणिकपणे नोंदवली, आणि तेवढेच तिचे काम होते.

आता ज्या प्रश्नावर मला सर्वाधिक सांगायचे आहे, त्याकडे येतो: काय विचारले? अल्बम हे एकक आपल्या संगीताला मुळात कितपत लागू पडते? कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी बाजारात आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे संगीत मावू लागले. त्या अवकाशाचा एकसंध कलाकृती म्हणून विचार करण्याची सवय पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताला साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत पूर्णपणे जडली. 'सर्वश्रेष्ठ अल्बम' असा प्रश्न विचारणे म्हणजे या सवयीला सर्वश्रेष्ठत्वाची अट करणे होय. त्यांच्याकडेही ही अडचण आलीच. चक बेरी यांचे मोठेपण पन्नाशीच्या दशकातील सुट्या गाण्यांत आहे. म्हणून २००३ च्या यादीत त्यांच्यासाठी 'द ग्रेट ट्वेंटी-एट' हा १९८२ मध्ये निघालेला संग्रह एकविसाव्या क्रमांकावर घ्यावा लागला. नियम थोडा सैल केला म्हणून ते यादीत आले. आपल्याकडील चित्रपटसंगीतासाठी असा नियम कोणी सैल केलेला नाही, कारण मतदारांना ते संगीत आठवतच नाही.

आपल्याकडे साडेतीन मिनिटांची ७८ फेऱ्यांची तबकडी होती, चित्रपटातील सुटे गाणे होते, आकाशवाणीवरील कार्यक्रम होता आणि या सगळ्यांच्या वर मैफल होती. 'गीतरामायण'च घ्या. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर आठवड्याला एक गीत याप्रमाणे ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची छप्पन्न गीते प्रसारित झाली. मूळ प्रसारणात गायक अनेक होते. नंतरच्या तबकड्यांत बाबूजींनी, म्हणजे फडके यांनी, ती एकट्याने गायली. पंचवटीच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला या गीतांविषयी अधिकच जवळीक वाटते. परंतु सर्वश्रेष्ठ अल्बमांच्या यादीत यांतले नेमके काय बसवणार? अनेक आवाजांचे मूळ प्रसारण, की एका आवाजातील तबकड्या, की ज्या शेकडो कार्यक्रमांतून ती गीते घराघरांत पोहोचली, ते कार्यक्रम? विसाव्या शतकातील मराठी संगीताची इतकी मोठी घटना ज्या मोजपट्टीत बसत नाही, त्या मोजपट्टीवर आक्षेप घेण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

नाशिककरांना याहून जवळचे उदाहरण पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांचे आहे. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी संगीतशिक्षण घराण्यांच्या उंबरठ्याबाहेर आणले, आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिकला रामनामाचा आश्रम स्थापन केला, आणि पंचवटीतील सभागृहाला त्यांचे नाव आहे. विसाव्या शतकातील भारतीय संगीतावर त्यांच्याएवढा प्रभाव टाकणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजता येतील. तरीही ध्वनिमुद्रणांवर उभ्या असलेल्या कोणत्याही यादीत त्यांना जागा मिळणार नाही, कारण त्यांचे कार्य विद्यालयांत, शिष्यांत आणि स्वरलिपीच्या पुस्तकांत आहे. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर १९५५ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या मोजक्या तबकड्या मात्र आजही ऐकल्या जातात आणि अशा यादीत त्यांचे नाव येऊ शकते. वडील आणि मुलगा यांच्यात थोर कोण, हा प्रश्न यादीने सोडवलेला नसतो. एकाचे कार्य तिला दिसते आणि दुसऱ्याचे दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

याचा अर्थ आपल्याकडे अल्बम झालेच नाहीत असा नाही. १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' हा शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काब्रा आणि हरिप्रसाद चौरसिया यांचा काश्मीरमधील एका मेंढपाळाच्या दिवसावर रचलेला संच, आणि शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, १९७४ मध्ये आलेला हृदयनाथ आणि लता मंगेशकर यांचा 'शिवकल्याण राजा' हे दोन्ही अगदी काटेकोर अर्थाने अल्बम आहेत. आरंभापासून अखेरपर्यंत एका कल्पनेने बांधलेले, क्रम बदलला तर बिघडतील असे. जगातील कोणत्याही पाचशेंच्या यादीसाठी मी ते विनासंकोच पुढे करीन.

आता लतादीदींच्या चौऱ्याऐंशीव्या क्रमांकाविषयी. ती यादी मतदानाने झालेली नव्हती. नियतकालिकाचे संपादक-लेखक आणि नेहमीचे लेखक यांनी ती मिळून केली. मौलिकता, प्रभाव, गायनसंचिताची खोली आणि वारशाचा विस्तार या कसोट्या त्यांनी जाहीर केल्या होत्या आणि नुसत्या आवाजाची गुणवत्ता आपण मोजत नाही, असेही सांगितले होते. पहिल्या क्रमांकावर अरीथा फ्रँकलिन आहेत, नुसरत फतेह अली खान एक्क्याण्णवावे आहेत, आणि सेलीन डिऑन यांचे नाव नसल्यामुळे त्यांच्या चाहत्यांनी नियतकालिकाच्या कार्यालयासमोर निदर्शनेही केली. चौऱ्याऐंशी हा आकडा अपमानकारक आहे, असे तुमच्यातील काहींचे म्हणणे आहे. मला त्या आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट खटकते. गायनसंचिताची खोली ही कसोटी त्यांनीच लावली. ती लावल्यानंतर चाळीसच्या दशकापासून पुढे सहा दशके, अनेक भाषांत आणि संगीतकारांच्या तीन पिढ्यांबरोबर गायलेल्या आवाजाच्या वर त्र्याऐंशी नावे कशी लागली, याचे उत्तर त्यांच्या छोट्या टिपणात मिळत नाही. त्याच नियतकालिकाच्या २००८ च्या शंभर गायकांच्या यादीत लतादीदींचे नाव नव्हते, हे लक्षात घेता यादीची खिडकी या वेळी थोडी उघडली हे खरे. परंतु जी गाणी शब्दांसकट समजून ऐकलेली नाहीत त्यांची खोली कोणालाही मोजता येत नाही. वाद घालायचा तर या मुद्द्यावर घालावा.

तो घालताना एक पथ्य पाळावे. दीदींनी पंचवीस किंवा तीस हजार गाणी गायली, हा आकडा पुराव्यादाखल देऊ नये. १९७४ च्या गिनीज बुकात तसा उल्लेख आला होता, त्याला मोहम्मद रफी यांनी हरकत घेतली होती आणि पुढे ती नोंद काढली गेली. गीतकोशकारांनी प्रत्यक्ष मोजलेली संख्या पुष्कळ कमी आहे. मोठेपण सिद्ध करायला फुगवलेल्या आकड्याची गरज नसते, आणि तो आकडा खोडला गेला की आपले उरलेले युक्तिवादही कोणी ऐकून घेत नाही.

याद्यांचा व्यवहारावर होणारा परिणाम थोडक्यात सांगतो. वरच्या क्रमांकांवरील अल्बम पुन्हा मुद्रित होतात, त्यांच्या जयंत्या साजऱ्या होतात, त्यांवर पुस्तके निघतात, आणि नव्या श्रोत्याला संगीतसेवांच्या पहिल्या पानावर तेच सुचवले जातात. २०२४ मध्ये 'ॲपल म्युझिक'ने शंभर अल्बमांची यादी करून लॉरिन हिल यांच्या एकमेव स्टुडिओ अल्बमाला पहिले स्थान दिले; यादी करणारा आणि गाणी ऐकवून पैसे मिळवणारा तिथे एकच आहे, ही गोष्ट ती वाचताना ध्यानात ठेवावी. यादीबाहेर राहिलेले संगीत हळूहळू दुकानांतून, मग स्मरणातून जाते. मराठी भावगीतांच्या कितीतरी तबकड्यांचे आज तेच होत आहे, आणि म्हणून हा विषय मला करमणुकीचा वाटत नाही.

यावर माझी सूचना अशी, की तुमच्या मंडळाने स्वतः एक कौल घ्यावा. प्रश्न अरुंद ठेवा: १९५० ते २००० या काळातील मराठी बिगरचित्रपट ध्वनिमुद्रणे, एवढाच. एकक 'विशिष्ट ध्वनिमुद्रण' हे ठरवा, म्हणजे 'गीतरामायणा'चा प्रश्न आपोआप सुटेल; ज्याला मूळ प्रसारण आणि बाबूजींच्या तबकड्या यांपैकी जे लिहायचे असेल ते त्याने स्पष्ट लिहावे. प्रत्येकाने दहा ध्वनिमुद्रणे निवडून त्यांत शंभर गुण वाटावेत आणि गायक, संगीतकार, कवी यांची नावे व शक्य तिथे वर्ष द्यावे. मतदार फक्त गंगापूर रोड आणि कॉलेज रोड येथील नेहमीच्या बैठकांतले नसावेत. जुन्या नाशकात भजनी मंडळे चालवणारे, शाळांतील संगीतशिक्षक, नाट्यगीते गाणाऱ्या गृहिणी, सनई-चौघड्याचे वादक आणि विशीतील विद्यार्थी या सर्वांना विचारा. निम्म्या मतदार स्त्रिया असतील याची काळजी आधीच घ्या, कारण निकालानंतर ती घेता येत नाही. ज्यांनी मत दिले त्या प्रत्येकाची संपूर्ण यादी निकालासोबत छापा. एकच मत मिळालेली ध्वनिमुद्रणेही वगळू नका. माझ्या अनुभवात कौलाचा तोच भाग सर्वाधिक मौल्यवान असतो, कारण ज्याचे नाव आपण कधी ऐकले नव्हते ते तिथे भेटते. शक्य झाल्यास निकालाच्या आधी एखादी संध्याकाळ कुसुमाग्रज स्मारकाच्या सभागृहात सर्वाधिक मतभेद झालेली ध्वनिमुद्रणे सर्वांनी मिळून ऐकावीत आणि त्यानंतर ज्याला आपले गुण बदलायचे असतील त्याला ते बदलू द्यावेत.

माझी मतपत्रिका मी पाठवीन. तीस गुण 'शिवकल्याण राजा'ला देणार आहे, हे आताच सांगून ठेवतो. उरलेल्या सत्तरांपैकी किती द. वि. पलुस्करांच्या भजनांना द्यावेत, यावर माझा विचार अजून चालू आहे.